छोट्या विमानवाहू नौकांचे भवितव्य

कामगार संघटनेच्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाई भत्त्यावर बोलावे. त्याने विमानवाहू नौकांच्या वाटेला का जावे, असे हा विषय जाहीर झाल्यावर काही स्नेह्यांनी आम्हांस विचारले. उत्तर सरळ आहे. नौका कामगार बांधतो, तीच कामगार दुरुस्त करतो, आणि ती म्हातारी झाली म्हणजे गॅसकटर हातात घेऊन तिचे तुकडेही कामगारच करतो. तिच्यावर होणारा खर्च तुमच्याआमच्या खिशातून जातो आणि ती बुडालीच तर तिच्याबरोबर जाणारी पोरेही तुमच्याआमच्याच घरांतली असतात. तेव्हा या विषयावर बोलण्याचा हक्क फक्त आरमारी अधिकाऱ्यांचा, असे आम्ही मानीत नाही. आम्ही तज्ज्ञ नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत. परंतु यंत्र काय काम करते, त्याला एकंदर खर्च किती येतो, आणि ते बिघडले तर कोणाच्या अंगावर पडते, हे तीन प्रश्न आम्ही जन्मभर विचारीत आलो. तेच तीन प्रश्न आज एका नौकेला विचारायचे आहेत.

प्रथम ‘लहान’ म्हणजे केवढी, ते ठरवू. युद्धनौकेचा आकार टनांत सांगतात. नौका पाण्यात उतरल्यावर जेवढे पाणी बाजूला सारते, त्या पाण्याचे ते वजन. अमेरिकेची ‘जेराल्ड फोर्ड’ ही नौका सुमारे एक लाख टनांची. तिला सुमारे १,३०० कोटी डॉलर खर्च आला. आपली नवी ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजी आरमारात दाखल झाली, ती सुमारे ४५,००० टनांची. दहा-अकरा हजार टनांपासून ते आपल्या ‘विक्रांत’पर्यंतच्या नौका, एवढाच आजचा प्रांत.

आता मूळ प्रश्न. एका अवाढव्य नौकेच्या पैशात तीन-चार लहान नौका का बांधू नयेत? चार समुद्रांत चार पाठवता येतील, एक बुडाली तर तीन उरतील. हिशेब ऐकायला गोड आहे. गेली ऐंशी वर्षे दर पिढीत कोणीतरी तो नव्याने मांडतो, नौका बांधल्याही जातात, आणि पुढे वीस-तीस वर्षांत त्या एकेक करून मोडीत निघतात. असे का होते ते कळले, तर पुढे काय होणार त्याचाही थोडाबहुत अंदाज बांधता येईल.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे धान्य, तेल, दारूगोळा सारे अटलांटिक ओलांडून जहाजांच्या काफिल्यांनी येत असे. जर्मन पाणबुड्या त्यावर टपलेल्या. किनाऱ्यावरून उडणारी विमाने दोन्ही बाजूंनी काही अंतरापर्यंत पोचत. समुद्राच्या मध्यावर मात्र आभाळ रिकामे, आणि जहाजे बुडत ती तेथेच. १९४१ साली इंग्रजांनी ‘हॅनोव्हर’ नावाचे एक पकडलेले जर्मन व्यापारी जहाज घेतले, त्याचे वरचे सारे बांधकाम कापून काढले आणि वर सपाट डेक बसवला. नाव ठेवले ‘ऑडॅसिटी’. विमाने ठेवायला खाली जागाच नव्हती. सहा-आठ विमाने उघड्यावर, आणि त्यांची दुरुस्ती करणारे मिस्त्री रात्री वाऱ्यापावसात हलत्या डेकवर. डिसेंबर १९४१ मध्ये पाणबुडीनेच ते जहाज बुडवले. पण तेवढ्या काही महिन्यांत एक गोष्ट सिद्ध झाली होती. काफिल्याच्या डोक्यावर अर्धा डझन विमाने जरी घिरट्या घालीत असली, तरी पाणबुडीला पाण्याखाली दडून राहावे लागते. आणि त्या काळची पाणबुडी पाण्याखाली गेली म्हणजे बैलगाडी होत असे.

मग अमेरिकेत हेन्री कायझर नावाचे गृहस्थ पुढे आले. हे जहाजबांधणीतले नव्हेत. धरणे आणि रस्ते बांधणारे कंत्राटदार. वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीच्या काठी व्हँकुव्हर येथे त्यांच्या गोदीने ‘कॅसाब्लांका’ जातीच्या ५० नौका बांधल्या. पहिली जुलै १९४३ मध्ये आरमारात दाखल झाली, पन्नासावी जुलै १९४४ मध्ये. म्हणजे सरासरी आठवड्याला एक! रिव्हेट ठोकण्याऐवजी वेल्डिंग, नौकेचे भाग वेगवेगळे तयार करून शेवटी एकत्र जोडणे, आणि टर्बाइन मिळत नाहीत म्हणून जुन्या पद्धतीची दट्ट्यांची वाफेची इंजिने, अशी ही युक्ती होती. नौका सुमारे १०,००० टनांची, विमाने २८च्या आसपास, वेग १९ नॉट. कायझरच्या गोद्यांत हजारो बायका वेल्डर म्हणून कामाला लागल्या. कामगारांसाठी दवाखाने आणि पगारातून थोडे थोडे कापून वैद्यकीय मदत, अशी व्यवस्थाही तेथे होती. तिचीच पुढे अमेरिकेतली एक फार मोठी आरोग्यसंस्था झाली. त्या भांडवलदाराच्या अंतःकरणाविषयी आम्ही काही म्हणत नाही, पण आजारी माणसाच्या हातून सांधा नीट बसत नाही एवढे त्याला पक्के कळले होते.

या नौकांनी अटलांटिकच्या मध्यावरचे रिकामे आभाळ भरून काढायला मोठा हातभार लावला. मे १९४३ मध्ये जर्मनांना उत्तर अटलांटिकमधून पाणबुड्या मागे घ्याव्या लागल्या, त्यात अशा पहिल्या नौकांचा वाटा होता. तेव्हा आमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर चोख मिळाले: काम झाले. पण तिसऱ्या प्रश्नाचे काय? २४ नोव्हेंबर १९४३ रोजी पॅसिफिकमध्ये ‘लिस्कम बे’ या नौकेवर एका जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो आदळला. तो लागला तो नेमका बॉम्बच्या कोठाराजवळ. ६४४ माणसे गेली. त्यांत डोरिस मिलर हा काळा खलाशी होता. पर्ल हार्बरच्या हल्ल्यात न शिकवलेली विमानवेधी तोफ चालवून त्याने शौर्यपदक मिळवले होते. तरीसुद्धा काळ्या माणसाला त्या आरमारात बहुधा मुदपाकखान्यातच जागा असल्यामुळे तो या नौकेवर आचारी म्हणूनच होता. या नौकांच्या जातीला इंग्रजीत ‘सीव्हीई’ अशी तीन अक्षरे होती. खलाशी त्या अक्षरांचा अर्थ लावीत: पेट घेणारी, दुबळी, आणि गेली तरी चालेल अशी. विनोद खलाशांचा होता. पण ‘गेली तरी चालेल’ हे गणित कोणीतरी कचेरीत बसून केलेले होते. स्वस्त नौका कोणाला स्वस्त, हा प्रश्न येथून सुरू होतो.

इंग्रजांनी याच सुमारास जरा मोठ्या, पण तरीही हलक्या अशा १६ नौका बांधायला काढल्या. त्यांचे सांगाडे व्यापारी जहाजांच्या नियमांनी बांधले, म्हणजे साध्या गोद्यांनाही ते काम जमावे. कल्पना अशी की युद्ध संपेपर्यंत, फार तर तीन वर्षे, त्या टिकल्या म्हणजे झाले. आणि टिकल्या किती! कॅनडा, ऑस्ट्रेलिया, हॉलंड, फ्रान्स, अर्जेंटिना, ब्राझील आणि भारत एवढ्या देशांनी त्या वापरल्या. ब्राझीलने तर आपली ‘मिनास जेराइस’ २००१ पर्यंत चालवली. आपली पहिली ‘विक्रांत’ यांतलीच. १९४३ मध्ये तिचा कणा घातला, १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली, युद्ध संपले म्हणून काम थांबले. अर्धवट पडलेली ती नौका १९५७ मध्ये आपण घेतली, बेलफास्टच्या गोदीत पुरी करून घेतली, आणि ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते ती आरमारात दाखल झाली.

१९७१च्या युद्धात तिने काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. ४ डिसेंबरपासून तिच्यावरून उडालेल्या ‘सी हॉक’ विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाव येथे हल्ले केले. कमी लोकांना ठाऊक आहे ती गोष्ट तिच्या बॉयलरची. चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेले होते. पूर्ण वाफ धरता येत नव्हती, म्हणून वेग कमी. आणि वेग कमी म्हणजे विमानाला उडताना समोरून मिळणारा वारा कमी. लहान नौकेत हा हिशेब फार काटेकोर असतो. डेक आखूड असल्यामुळे नौका वाऱ्याच्या तोंडावर जोरात हाकावी लागते, तेव्हा कोठे भरलेले विमान हवेत टिकते. तळघरातल्या बॉयलरवाल्याचे काम बिघडले की वरच्या वैमानिकाचे पंख कापले जातात. ते युद्ध जिंकल्याचे श्रेय वाटताना बॉयलरखान्यातल्या माणसांची नावे कोणी फारशी घेतलेली आमच्या वाचनात नाहीत.

१९९७ मध्ये ती निवृत्त झाली, पुढे बरीच वर्षे मुंबईत वस्तुसंग्रहालय म्हणून उभी राहिली, आणि २०१४ मध्ये लिलावात विकली जाऊन दारूखान्यात मोडायला आली. तिच्या पोलादाची मोटारसायकल निघाली तेव्हा वर्तमानपत्रांत कौतुक झाले. जुन्या नौकांच्या पोटात ॲस्बेस्टॉस असतो, तेलाने माखलेल्या टाक्या असतात, आणि तोडणारा माणूस बहुधा कंत्राटी असतो. त्याच्या फुप्फुसाविषयी कोठे लिहून आले नाही. फ्रान्सची ‘क्लेमान्सो’ अलंगला तोडण्यासाठी निघाली होती ती याच ॲस्बेस्टॉसवरून झालेल्या ओरडीमुळे फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांना परत बोलवावी लागली. नौकेचा खर्च मांडताना ही शेवटची ओळ खर्डेघाशांच्या वहीत कधी नसते.

आता या साऱ्या हलक्या नौका मागे का पडल्या? त्यांचे सांगाडे टिकाऊ निघाले, हे आपण पाहिले. मागे पडण्याचे कारण त्यांच्यावर बसणाऱ्या विमानात आहे. महायुद्धातले ‘वाइल्डकॅट’ विमान भरल्यावर साडेतीन टनांच्या आसपास. ‘सी हॉक’ सात टनांवर गेले. आजचे अमेरिकी ‘सुपर हॉर्नेट’ जास्तीत जास्त भरले तर तीस टनांच्या घरात जाते. नौका तेवढीच आणि विमान आठपट! विमान जड झाले की त्याला उडायला कॅटपुल्ट लागतो, म्हणजे वाफेच्या दाबाने गलोलीतल्या खड्याप्रमाणे विमान भिरकावणारे यंत्र. उतरताना पकडायला डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोऱ्या लागतात. आणि दोन्हींना लांबी लागते. लहान नौकेच्या मालकांनी मग एकामागून एक हात टेकले. हॉलंडने १९६८ मध्ये आपली नौका विकली, कॅनडाने १९७० मध्ये मोडीत काढली, ऑस्ट्रेलियाने १९८२ मध्ये. इंग्रजांनी १९६६ मध्येच नवी मोठी नौका बांधण्याचा बेत रद्द केला होता.

हा खेळ तेथेच संपायचा, पण ‘हॅरियर’ नावाचे एक विमान निघाले. त्याच्या इंजिनाचा झोत खाली वळवता येई, त्यामुळे ते थोड्या धावेवर उडे आणि सरळ खाली उतरे. डग्लस टेलर या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याने त्याला एक साधी जोड सुचवली: डेकचे टोक वर वळवायचे. विमान त्या चढावरून वर फेकले जाते आणि हवेत जे दोन-चार क्षण जास्त मिळतात त्यांत पुरेसा वेग पकडते. चालती यंत्रे नाहीत, वाफ नाही, नुसते वळवलेले पोलाद. कारखान्यात ज्याने आयुष्य काढले त्याला अशी युक्ती पाहिली म्हणजे टोपी काढावीशी वाटते.

अमेरिकेतही ॲडमिरल झुमवाल्ट यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी अशाच एका छोट्या नौकेचा आग्रह धरला होता. त्यांच्या मोठ्या नौकावाल्या भाऊबंदांना तो मानवला नाही. तो आराखडा पुढे स्पेनने उचलला आणि १९८८ मध्ये ‘प्रिन्सिपे दे आस्तुरियास’ तयार केली. इंग्रजांनी ‘इन्व्हिन्सिबल’ आणि तिच्या दोन बहिणी बांधल्या, सुमारे २०,००० टनांच्या. इटलीने ‘गॅरिबाल्डी’ बांधली. पण तेथे पंखांची विमाने फक्त हवाई दलानेच बाळगावीत असा जुना कायदा! १९८९ मध्ये तो बदलला तेव्हा कोठे त्या नौकेवर लढाऊ विमान चढू शकले. दोन सरकारी खाती एका छपराखाली भांडत असली म्हणजे काय होते हे आपल्याकडच्या श्रोत्यांस समजावून सांगायला नको.

या पिढीची परीक्षा झाली ती १९८२ मध्ये फॉकलंड बेटांच्या युद्धात. ‘इन्व्हिन्सिबल’ ऑस्ट्रेलियाला विकायचे त्या आधीच ठरले होते. ती आणि जुनी ‘हर्मीस’, म्हणजे पुढे आपण घेतलेली ‘विराट’, अशा दोन नौका अवघी २० ‘सी हॅरियर’ विमाने घेऊन निघाल्या. समोर अर्जेंटिनाकडेही एक नौका होती, ‘व्हेंतिसिंको दे मायो’. ती आधी इंग्रजांची, मग डचांची, आणि आपल्या ‘विक्रांत’च्या जवळच्या नात्यातली. २ मेच्या पहाटे तिने इंग्रजांवर विमाने सोडायची तयारी केली, आणि वारा पडला. त्या दक्षिण समुद्रात वारा पडणे ही दुर्मीळ गोष्ट. म्हाताऱ्या नौकेच्या वेगात आणि कॅटपुल्टात एवढा दम नव्हता की बॉम्ब लादलेली ‘स्कायहॉक’ विमाने वाऱ्याविना उडवावीत. हल्ला रहित झाला. त्याच दिवशी ‘बेल्ग्रानो’ ही क्रूझर ३२३ माणसांसह बुडाली, आणि विमानवाहू नौका बंदरात परतली ती पुन्हा लढाईला बाहेर पडली नाही.

इंग्रजांच्या ‘सी हॅरियर’नी आकाशातल्या झुंजीत एकही विमान न गमावता सुमारे वीस विमाने पाडली. छोट्या नौकेचे भाट हा आकडा नेहमी सांगतात. ते सांगत नाहीत तो दुसरा भाग असा. उंचावरून लांबचे पाहणारे रडारचे विमान त्या दोन्ही नौकांवर नव्हते; ते जड विमान तेथून उडूच शकले नसते. त्यामुळे ४ मे रोजी पाण्याला चाटून आलेले क्षेपणास्त्र ‘शेफील्ड’ या विनाशिकेवर आदळले आणि २० माणसे गेली. २५ मे रोजी ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे व्यापारी जहाज तसेच गेले. १२ माणसे गेली, त्यांत व्यापारी खलाशीही होते, ज्यांनी लढण्याचा पगार कधी घेतला नव्हता. लहान नौकेत जे बसत नाही त्याची किंमत बाजूच्या जहाजातली माणसे देतात. युद्ध संपता संपता घाईने हेलिकॉप्टरला रडार लावण्यात आले, ते बरेच काम देते. पण हेलिकॉप्टर विमानाइतके उंच जात नाही आणि तितका वेळ राहतही नाही.

मोठी नौका खर्चाला परवडते कशी, हे समजायला एस.टी. स्टँड आठवावे. तालुक्याच्या लहानशा स्टँडवर एक गाडी बाहेर काढायची तर तीन हलवाव्या लागतात. जिल्ह्याच्या डेपोत गाडी येते, धुतली जाते, डिझेल भरते, निघते. स्टँड दुप्पट केला तर फेऱ्या दुपटीहून जास्त वाढतात. डेकचेही तसेच. शिवाय लहान नौका लाटांवर जास्त हलते, म्हणजे खराब हवेत तिचे दिवस फुकट जातात. आणि तिच्याबरोबर पहारा करणाऱ्या विनाशिका, पाणबुडी आणि तेलाचे जहाज लागते ते मोठीइतकेच. नवरदेव लहान म्हणून वऱ्हाड कमी येत नाही.

याहूनही बोलका हिशेब घरचाच आहे. नवी ‘विक्रांत’ बांधायला सुमारे २०,००० कोटी रुपये लागले. एप्रिल २०२५ मध्ये आरमारासाठी फ्रान्सकडून २६ ‘राफेल’ विमाने घेण्याचा करार झाला तो सुमारे ६३,००० कोटींचा. त्यात सुटे भाग, शिक्षण, हत्यारे असे बरेच येते, हे खरे. तरीही नौकेच्या तिप्पट रक्कम विमानांच्या खात्यात! ‘लहान नौका बांधा, पैसा वाचेल’ असे म्हणणारा माणूस घोड्याची किंमत न विचारता खोगीर स्वस्तात मिळाल्याचा आनंद मानतो.

घोडाच गेला तर काय होते, याचे उदाहरण थायलंडमध्ये आहे. त्यांनी स्पेनकडून जेमतेम ११,५०० टनांची ‘चक्री नारुएबेत’ बांधून घेतली, झुमवाल्ट यांच्या आराखड्याचीच ती नात. १९९७ मध्ये ती हाती आली आणि त्याच वर्षी देशाचे चलन कोसळले. तिच्यावरची जुनी, स्पेनने वापरलेली ‘हॅरियर’ विमाने सुट्या भागांअभावी लवकरच जमिनीवर बसली आणि २००६ मध्ये रीतसर निवृत्त झाली. पुराच्या व वादळाच्या वेळी मदतीला ती नौका उपयोगी पडली, नाही असे नाही. पण विमाने नसलेली विमानवाहू नौका म्हणूनच जग तिला ओळखते. इंग्रजांनी स्वतः काय केले? २०१०च्या अखेरीस ‘आर्क रॉयल’ आणि ‘हॅरियर’ दोन्ही काढून टाकली, विमाने सुट्या भागांसाठी अमेरिकेला विकली, आणि तीस वर्षे लहान नौका वापरल्यावर नव्या बांधल्या त्या ६५,००० टनांच्या.

‘हॅरियर’ची जागा आता एकाच विमानाने घेतली आहे: अमेरिकेचे एफ-३५बी. पाश्चात्त्य देशांत थोड्या धावेवर उडून सरळ उतरणारे दुसरे नवे लढाऊ विमान नाही. वैमानिकाच्या पाठीमागे त्याच्या पोटात एक मोठा पंखा बसवलेला असतो. चढता-उतरताना तो कामाचा, बाकी साऱ्या प्रवासात नुसते ओझे. त्यापायी त्याच जातीच्या साध्या विमानापेक्षा सुमारे तीस टक्के इंधन कमी मावते. जून २०२५ मध्ये इंग्रजांचे असे एक विमान तिरुवनंतपुरमला उतरले आणि बिघडून पाच आठवडे तेथेच बसले. लोकांनी थट्टा केली. आम्हांला त्यात थट्टेपेक्षा दुसरेच दिसले: एवढे गुंतागुंतीचे यंत्र, त्याला हात लावायला मायदेशातून मिस्त्री आणावे लागले. भर समुद्रातल्या छोट्या नौकेच्या कोंदट वर्कशॉपात ते बिघडले तर?

आणि ते मिळणार कोणाला? दुकान एक, दुकानदार एक. जपानने डिसेंबर २०१८ मध्ये ‘इझुमो’ आणि ‘कागा’ या नौका त्यासाठी बदलायचे ठरवले; त्या २४८ मीटर लांबीच्या नौकांना जपानी सरकार मोठ्या संकोचाने विनाशिकाच म्हणत आले, कारण त्यांच्या राज्यघटनेत युद्धाचा त्याग आहे. इटलीने ते विमान घेतले. तुर्कस्तानने रशियाकडून क्षेपणास्त्रे घेतली म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेने त्याला या व्यवहारातून बाहेर काढले. आणि याच विमानांसाठी बांधायला घेतलेली ‘अनादोलू’ ही नौका विमानांविना राहिली. स्पेनने २०२५ मध्ये ते विमान घेण्याचा विचार बाजूला सारला. तेव्हा तेथली जुनी ‘हॅरियर’ थकली की तेथेही थायलंडचीच गोष्ट. स्वतःची नौका बाळगून दुसऱ्याच्या मर्जीवर विमान ठेवणे हे घरमालकीचे लक्षण नव्हे. ही पागडीची खोली झाली.

अमेरिकेचे म्हणाल तर तिच्या मरीन दलाने २०२२ मध्ये ‘ट्रिपोली’ या ४५,००० टनांच्या नौकेवर २० एफ-३५बी चढवून पाहिली. पण तिच्यापाशी मोठ्या नौका आहेतच, तेव्हा हा जोडधंदा. तिच्या याच प्रकारच्या ‘बॉनॉम रिचर्ड’ या नौकेचे काय झाले ते मात्र गोदीतल्या प्रत्येक माणसाने ऐकावे. जुलै २०२० मध्ये सॅन दिएगो येथे धक्क्याला बांधलेली, दुरुस्ती चालू, आत सामानाचे ढीग, आग विझवण्याची बरीच व्यवस्था बंद. आग लागली ती चार दिवसांहून जास्त जळली. नौका दुरुस्तीच्या पलीकडे गेली. खटला भरला एका कोवळ्या खलाशावर. २०२२ मध्ये लष्करी न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. आरमाराच्या स्वतःच्या चौकशीत देखभाल, शिक्षण, देखरेख साऱ्यांतच ढिलाई निघाली होती. ठपका सर्वांत खालच्या पायरीवर ठेवण्याची रीत जगभर एकच दिसते.

मग छोट्या नौकेला पुढे काही आयुष्य आहे की नाही? आमच्या मते आहे, पण मोठ्या नौकेची धाकटी आवृत्ती म्हणून नव्हे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तुर्कस्तानच्या त्या रिकाम्या राहिलेल्या ‘अनादोलू’वरून ‘टीबी-३’ हे वैमानिकाविना चालणारे विमान उडाले आणि तिच्यावरच परत उतरले. कॅटपुल्ट नाही, दोऱ्या नाहीत. भरल्यावर त्याचे वजन दीड टनाच्या आसपास, म्हणजे १९४१ सालच्या ‘वाइल्डकॅट’च्या निम्म्याहूनही कमी. ऐंशी वर्षे जड होत गेलेले विमान पुन्हा हलके झाले, आणि त्याबरोबर आखूड डेकला पुन्हा अर्थ आला. हे विमान लढाऊ विमानाशी झुंजणार नाही. ते तासन् तास घिरट्या घालील, पाहील, सांगेल, प्रसंगी एखादा लहान बॉम्ब टाकील. ‘ऑडॅसिटी’ने जे केले ते याहून फार वेगळे नव्हते. चीनने डिसेंबर २०२४ मध्ये ‘सिचुआन’ पाण्यात उतरवली; ती चाळीस हजार टनांवरची असून वाफेऐवजी विजेवर चालणारा कॅटपुल्ट तिला बसवला आहे, तो अशाच पण जास्त जड विमानांसाठी असावा असे जाणकार समजतात. व्यापारी काफिल्यांची राखण, किनाऱ्यावरची टेहळणी, पाणबुड्यांचा माग, या कामांना अशा नौका वाढत जातील. जेथे समोर तुल्यबळ आरमार आणि लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे असतील तेथे त्या एकट्या पाठवणे हे पुन्हा ‘गेली तरी चालेल’ असे गणित ठरेल; विमानात माणूस नसला तरी खाली इंजिनखान्यात माणसे असतातच.

आपल्याकडे तिसऱ्या नौकेची चर्चा कैक वर्षे चालू आहे: ६५,००० टनांची मोठी, की ‘विक्रांत’च्याच मापाची आणखी एक? आमचा कौल दुसरीला आहे. कारण टनांत नाही, हातांत आहे. ‘विक्रांत’च्या वेळी परदेशातून पोलाद मिळेना तेव्हा आपल्याच कारखान्यांनी ते तयार केले, आणि ते जोडण्याची विद्या कोचीच्या गोदीतले सुमारे दोन हजार लोक हाताने शिकले. अशी विद्या कागदावर राहत नाही. काम थांबले की ती माणसाबरोबर गाव सोडते. जानेवारी २०२४ मध्ये तेथे ३१० मीटर लांबीची नवी सुकी गोदी सुरू झाली, तिच्यात यापेक्षा मोठी नौकाही बसेल. गोदी वाट पाहू शकते. चाळिशी गाठलेला चांगला वेल्डर, ज्याला आखातातून दुप्पट पगाराचे पत्र आले आहे, तो किती वर्षे थांबेल, याचा आकडा चर्चेतल्या कोणत्याही टिपणात आम्हांला अजून आढळलेला नाही.